पुण्याचा विद्यार्थी आणि मुंबईची कलाशाळा

मुलानें मॅट्रिक व्हावें, तेथून फर्ग्युसनांत किंवा इंजिनियरिंग कॉलेजांत जावें, आणि पुढें वकिली, मास्तरकी किंवा सरकारी नोकरी धरावी, ही पुण्यांतील सुशिक्षित घराची वाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आंखली गेली आणि पुढें पुष्कळ वर्षें ती तशीच राहिली. अशा घरांत वह्यांच्या समासांत घोडे, मारुती आणि मास्तरांचे चेहरे काढणारा एखादा मुलगा निघाला, म्हणजे थोडें कौतुक होई आणि थोडी काळजी वाटे. खालच्या इयत्तांत कौतुकाचें पारडें जड असे. वरच्या इयत्तांत काळजीचें. हात चांगला आहे, पण पुढें काय, हा प्रश्न सदाशिव-नारायण पेठांतल्या किती माजघरांत विचारला गेला असेल, त्याची गणती नाहीं.

या प्रश्नाला उत्तर देण्याचें काम पुण्यानें दीर्घ काळ स्वतःकडे घेतलें नाहीं. उत्तर मुंबईहून आलें, आणि मुंबईस तें लंडनहून आलेलें होतें. यांतलें नवल असें कीं, मुंबईची कलाशाळा निघण्यापूर्वीं साठांहून अधिक वर्षें आधीं पुण्यांत चित्रविद्येची एक शाळा निघालेली होती, आणि तीहि प्रत्यक्ष शनिवारवाड्यांत.

चार्लस मॅलेट हा इंग्रजांचा वकील १७८६ सालीं पेशव्यांच्या दरबारीं आला. १७९० सालीं टिपूविरुद्ध तह झाला, त्या दरबाराचें एक भव्य चित्र व्हावें अशी त्याची फार इच्छा होती. पुढें जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला. त्यानें सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांचीं चित्रें रंगविलीं. याच सुमारास शनिवारवाड्यांत चित्रशाळा भरूं लागली. ज्याच्या वाड्यांत ती भरत होती तो पेशवा त्या वेळीं स्वतःच सतरा-अठरा वर्षांचा होता. आजच्या हिशेबानें बारावीच्या वर्गांतला. या शाळेशीं ज्यांचें नांव जोडलें जातें त्यांत गंगाराम चिंतामण तांबट हा प्रमुख. त्यानें कार्ल्याचीं व वेरुळचीं लेणीं कागदावर उतरविलीं, पेशव्यांच्या शिकारखान्यांतला गेंडा काढला, आणि वेल्सच्या कामांत त्यास साह्य केलें. छायाप्रकाश, यथादर्शन, मोजमाप घेऊन इमारत रेखाटणें, या युरोपीय रीती त्यानें पाठांच्या पुस्तकांतून घेतलेल्या नाहींत. समोर लेणें होतें, शेजारीं काम करणारा जाणता माणूस होता, आणि काम खरोखरीचें होतें.

पण ही शाळा माणसांवर उभी होती, आणि माणसें गेलीं. १७९५ च्या आक्टोबरांत सवाई माधवराव गेले; त्याच वर्षीं वेल्सहि वारला. १७९७ सालीं मॅलेट पुणें सोडून गेला. तहाचें चित्र पुढें टॉमस डॅनियल यानें विलायतेंत पुरें केलें. वेरुळच्या लेण्यांचीं चित्रें १८०३ सालीं लंडनांत छापून निघालीं तीं वेल्स व डॅनियल यांच्या नांवानें. गंगारामाचीं रेखाटनें मॅलेटबरोबर गेलीं, आणि त्यांतील पुष्कळशीं आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. वाडा १८२८ च्या आगींत जळाला. पुण्यांतल्या पहिल्या कलाशाळेची पुण्यांत अशी कोणतीहि खूण उरली नाहीं. तिचा एकहि वारस तयार झाला नाहीं. आश्रयदात्याच्या मर्जीनें निघालेली शाळा आश्रयदात्याबरोबर जाते, हें त्या व्यवस्थेंतलें वैगुण्य लक्षांत ठेवलें, म्हणजे पुढें आलेल्या रूक्ष परीक्षापद्धतीविषयीं एकदम वाईट मत होत नाहीं.

ती पद्धति लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथें तयार झाली. फ्रान्समधील कापड, भांडीं, कागद हे नक्षीच्या बाबतींत आपल्या मालावर मात करतात, ही इंग्लंडांतील कारखानदारांची चिंता होती. त्या चिंतेपोटीं १८३७ सालीं लंडनांत सरकारी नक्षीशाळा निघाली, आणि १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनानंतर हेन्री कोल व रिचर्ड रेडग्रेव्ह यांनीं देशभर लागू होईल असा तेवीस पायऱ्यांचा चित्रशिक्षणक्रम आंखला. आरंभीं उपकरणांनीं सरळ रेषा, मग छापील कित्त्यावरून हातानें वळणें, मग घनाकृति, मग प्लास्टरचे नमुने. जिवंत मनुष्याकृति फार वरच्या पायरीवर. यांत मुलाच्या मनांत काय आहे, हें विचारण्याला जागा नव्हती. हें शिक्षण चित्रकार घडविण्यासाठीं नव्हतेंच मुळीं. नक्षी नीट काढणारा कारागीर घडविण्यासाठीं होतें. त्याच शतकाच्या अखेरीस, १८९७ सालीं, व्हिएन्नांत फ्रान्झ चिझेक यानें मुलांचा वर्ग काढून त्यांना मनांतलें चित्र मोकळेपणीं काढूं देण्याचा प्रयोग केला. तो वारा हिंदुस्थानांत पोंचेपर्यंत येथल्या शाळांतून कित्ता पक्का रुजला होता.

मुंबईस सर जमशेटजी जिजीभाई यांनीं १८५३ सालीं एक लाख रुपये देऊं केले, आणि १८५७ च्या मार्चांत एलफिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. मद्रास व कलकत्ता येथील शाळा त्याआधींच्या. १८६५ सालीं जॉन लॉकवुड किप्लिंग व जॉन ग्रिफिथ्स हे दोघे शिक्षक म्हणून आले, आणि १८७८ सालीं कलाशाळा स्वतःच्या इमारतींत गेली. ग्रिफिथ्सनें १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. हें काम म्हणजे गंगारामाच्या शिक्षणाचीच मोठ्या प्रमाणावरील आवृत्ति होय, आणि कलाशाळेच्या त्या काळांतील सर्व पाठांत तोच पाठ श्रेष्ठ मानावा लागतो. परंतु मुफसलांतल्या शाळांकडे अजिंठा गेला नाहीं. त्यांच्याकडे गेली ती ग्रेडची परीक्षा.

फर्स्ट ग्रेड, सेकंड ग्रेड, थर्ड ग्रेड, हीं नांवें पुढें बदलून एलिमेंटरी व इंटरमिजिएट झालीं. तरी पुण्याच्या जुन्या मंडळींच्या बोलण्यांत सेकंड ग्रेड झालेला मुलगा असा उल्लेख बरीच वर्षें राहिला, आणि त्यांत थोडा अभिमान असे. परीक्षेचा थाट ठरलेला. बांकावर ड्रॉइंगबोर्ड, त्यावर पिनांनीं लावलेला शिक्क्याचा कागद, शिसपेन्सिल, रबर, कंपासपेटी. फ्रीहँडच्या पेपरांत समोर टांगलेल्या तक्त्यावरची वेलबुट्टीची आकृति. मध्यरेषा धरून डावी बाजू काढावयाची आणि उजवी तंतोतंत तशीच उतरवावयाची. मॉडेलच्या पेपरांत घडा, पेटी, शंकु. भूमितीच्या पेपरांत रेषेचा काळेपणाहि तपासला जाई. स्मरणचित्र हा एकच पेपर असा, कीं ज्यांत मुलाला स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें कांहीं आठवून काढावयाचें असे. बाजार, विहीर, गणपतीची मिरवणूक. शिक्षकहि त्याचे साचे बांधून देत, आणि मिरवणुकीची तयार आकृति मुलें पाठ करून जात. तरी एखाद्या मुलाची ओळख पटते ती याच पेपरांत.

या परीक्षेची थट्टा करण्याची रीत आहे. तींत तथ्यहि आहे. वर्षानुवर्षें वेलबुट्टी गिरविलेल्या मुलाचा हात बसतो, पण डोळा बसतोच असें नाहीं. मात्र एक गोष्ट थट्टा करणारे विसरतात. मुंबईस कोणाची ओळख नसलेल्या, पैसा नसलेल्या, चित्रकाराचें घराणें नसलेल्या मुलाच्या हातांत ग्रेडच्या प्रमाणपत्रानें कांहीं तरी दिलें. बापाला दाखवितां येईल असा सरकारी शिक्का दिला. मुलाचा हात चांगला आहे, हें शेजाऱ्यांचें मत आणि मुलाचा हात चांगला आहे, हें सरकारचें मत, यांत पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत फार मोठें अंतर होतें. मॅट्रिकला गणितांत कच्चा निघालेला मुलगा ड्रॉइंगच्या दोन परीक्षा पास असला, तर त्याच्या बाजूनें निदान एक कागद तरी बोलूं शकत असे. शनिवारवाड्याच्या शाळेंत शिरावयाचें तर दरबाराचा मार्ग लागे. येथें परीक्षेची फी पुरे.

हा कागद पुढें आणण्याचें काम शाळेंतल्या ड्रॉइंग मास्तरांचें. मास्तरवर्गांत त्यांचा मान खालचा. पगार संस्कृतच्या किंवा गणिताच्या शिक्षकापेक्षां कमी. तासहि दुपारचा, मुलें पेंगलेलीं असतांनाचा. तरी पुण्यांतील एखादा मुलगा मुंबईच्या कलाशाळेंत गेला असेल, तर त्याच्या मागें बहुधा असा एक मास्तर असे. त्यानें शाळा सुटल्यावर मुलाला थांबवून घेतलेलें असे, आणि वडिलांची समजूत घालण्यासाठीं तो घरीं जाऊन आलेला असे. या मास्तरांचीं नांवें कलेच्या इतिहासांत सहसा येत नाहींत.

मुंबईचा रस्ता १८६३ सालीं बोरघाट फुटला तेव्हांपासून लोखंडाचा झाला होता. गाडी बोरीबंदरला पोंचे. १८८८ सालीं पुऱ्या झालेल्या त्या स्थानकाच्या भिंतींवरील पानें, फुलें, पशु, पक्षी हें कोरीवकाम बरेंचसें कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचें. आणि शाळा तेथून पायीं जाण्याच्या अंतरावर. ट्रंक घेऊन उतरणाऱ्या मुलाला आपण जेथें चाललों तेथील अभ्यासाचा नमुना मान वर केली कीं दिसे, मग तें त्याच्या लक्षांत येवो वा न येवो.

या रस्त्यानें गेलेल्यांत पुण्याच्या दृष्टीनें पहिलें घ्यावयाचें नांव गणपतराव काशीनाथ म्हात्रे यांचें. त्यांचा जन्म १८७६ सालीं पुण्यास झाला. कलाशाळेंत शिकत असतांनाच, विसाव्या वर्षाच्या आसपास, १८९६ सालीं त्यांनीं मंदिरपथगामिनी हा पुतळा घडविला. हातांत पूजापात्र घेतलेली, नऊवारी नेसलेली मराठी मुलगी देवळाला निघाली आहे, इतकाच विषय. शरीररचनेचें ज्ञान पाश्चात्य. लुगड्याच्या चुण्या, उभें राहण्याची ढब, मानेची लाज मात्र कोणत्याहि कित्त्यांतली नव्हे. ती पेठेंतल्या सकाळची आहे. जॉर्ज बर्डवुड यांनीं विलायतेंत या पुतळ्याची वाखाणणी केली, आणि बंगालमध्यें तरुण रवींद्रनाथ ठाकुरांनीं त्यावर लेख लिहिला. विद्यार्थिदशेंतील कामाची एवढी चर्चा हिंदुस्थानांत पूर्वीं क्वचितच झाली असेल. शिल्पाचें पुढील शिक्षण घेण्यास विलायतेला जाण्याची गोष्ट म्हात्र्यांच्या बाबतींत पुष्कळ बोलली गेली, पण ते गेले नाहींत. त्यांनीं मुंबईस कारखाना घातला आणि व्यवसाय उत्तम चालविला. पहिल्या पुतळ्याची उंची त्यांनीं पुन्हां गांठली कीं नाहीं, याविषयीं जाणकारांत मतभेद आहेत. मागणी मुख्यतः राजेरजवाड्यांच्या व गव्हर्नरांच्या पुतळ्यांना असे, आणि देवळाला निघालेल्या मुलीची मागणी कोणी करीत नसे, हें या मतभेदांत विसरूं नये.

वयाचा हिशेब पाहिला तर या प्रवेशाची शिस्त किती सैल होती, हें दिसतें. दादासाहेब फाळके १८८५ सालीं कलाशाळेंत आले ते पंधरा वर्षांचे असतांना. पुढें ते बडोद्याच्या कलाभवनांत गेले. महादेव विश्वनाथ धुरंधर कोल्हापुरास वाढले आणि १८९० च्या जानेवारींत कलाशाळेंत दाखल झाले तेव्हां त्यांना तेविसावें वर्ष चालू होतें. त्यांनीं तेथेंच शिक्षकी पत्करली. १८९० ते १९३१ या काळाच्या आठवणींचें त्यांचें पुस्तक मराठींत आहे, आणि एका मराठी विद्यार्थ्याच्या नजरेनें कलाशाळा कशी दिसली हें जाणण्यास त्याहून चांगलें साधन नाहीं. पंधरा काय आणि तेवीस काय, हात कोणत्या अवस्थेंत आहे एवढेंच पाहिलें जाई. शाळेचा अभ्यास व कलेचा अभ्यास यांच्यामध्यें भिंत होती, पण रिकामी पडीक जमीन नव्हती. हा फरक पुढें महत्त्वाचा ठरतो.

मुलींच्या बाबतींत मात्र भिंतीला दार असलें तरी तें बहुधा घरांतूनच उघडावें लागे. धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई यांनीं १९३१ च्या सुमारास कलाशाळेची पदविका मिळविली. वडील त्याच शाळेंत चार दशकें वावरलेले, घरांत रंगांचा वास, भिंतींवर चित्रें. पुण्यांतल्या एखाद्या वाड्यांतून तितकीच चांगली चित्रें काढणारी मुलगी त्या काळीं एकटी मुंबईस जाऊन राहती, हें संभवनीय नव्हतें. तिचें कौशल्य चैत्रांगणाच्या रांगोळींत, रुखवताच्या ताटांत आणि नातवंडांच्या पाटीवर संपलें. सेकंड ग्रेडपर्यंत पोंचलेल्या मुलींची संख्या पुढें पुष्कळ वाढली. दुसऱ्या गांवीं राहण्याची अडचण मात्र पुढेंहि कित्येक वर्षें होती तशीच राहिली.

आतां दाराबाहेरच्या माणसांविषयीं. परीक्षेचें दार सर्वांना सारखें उघडें होतें असें म्हटलें, तरी कांहीं माणसें त्यांतून आलीं नाहींत, आणि कांहींना तें बंद झालें. विनायक पांडुरंग करमरकर हे अलिबागेजवळील सासवण्याचे. त्यांनीं गांवांतल्या देवळाच्या भिंतीवर काढलेलें शिवाजीमहाराजांचें चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडलें, आणि त्या साहेबानें या मुलाच्या कलाशाळेंतल्या शिक्षणाची व्यवस्था केली. साहेबाची स्वारी त्या दिवशीं दुसऱ्या गांवीं गेली असती तर काय, हा विचार मनांत येतोच. याच करमरकरांनीं केलेला शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ सालीं पुण्यांत भांबुर्ड्यास उभा राहिला.  देवळाच्या भिंतीवरच्या घोड्यापासून पंचरसाच्या घोड्यापर्यंत एवढा पल्ला एका योगायोगानें पडला.

दुसरी वाट कारखान्याची. कोल्हापुरास आनंदराव व बाबुराव पेंटर या बंधूंनीं कोणत्याहि कलाशाळेचें तोंड न पाहतां नाटकांचे पडदे रंगविण्यापासून कॅमेरा बनविण्यापर्यंत मजल मारली. त्यांच्या हाताखालीं विष्णुपंत दामले व साहेबमामा फत्तेलाल तयार झाले. १९२९ सालीं कोल्हापुरास निघालेली प्रभात कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली, तेव्हां पुण्याला एक मोठा चित्रकारखाना आयता मिळाला. त्यांत देखावे उभारणारे, रंगारी, सुतार, मूर्तिकार काम करीत. प्रमाणपत्रावांचून शिकण्याची ही रीत शनिवारवाड्याच्या शाळेशींच नातें सांगणारी आहे.

तिसरें उदाहरण सर्वांत बोलकें. म्हैसूरच्या रा. कृ. लक्ष्मण यांनीं हायस्कूल संपल्यावर मुंबईच्या कलाशाळेकडे अर्ज केला. त्यांच्या रेखाटनांत प्रवेशास लागणारी गुणवत्ता नाहीं, असें उत्तर आलें. ते म्हैसुरासच बी. ए. झाले. पुढें मुंबईंतच त्यांनीं सामान्य माणसाची आकृति निर्माण केली, आणि ती घरोघर ओळखीची झाली. त्यांचीं अखेरचीं वर्षें पुण्यांत गेलीं. २६ जानेवारी २०१५ रोजीं ते पुण्यासच निवर्तले. या गोष्टीवरून कलाशाळा आंधळी होती असा निष्कर्ष काढणें सोपें आहे. पण परीक्षकांना जें मोजावयाचें होतें तें त्यांनीं मोजलें असेल. घडा व शंकु यांच्या छायेंत विनोद दिसत नाहीं.

पोटाचा प्रश्न या सर्वांच्या मुळाशीं होता. पुण्यास चित्रें नको होतीं असें नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १८७८ सालीं चित्रशाळा छापखाना काढला, आणि तेथले रंगीत शिळाछाप महाराष्ट्रभर घराघरांत लागले. देवादिकांची व मराठी वीरांची चित्रें मागणारा समाज पुण्यांत होता. पण चित्रकार शिकविणारी शाळा त्यानें मागितली नाहीं. कलाशाळेंतून परत आलेल्या तरुणास ड्रॉइंग मास्तर होणें, तसबिरी रंगविणें, नाटकाचे पडदे करणें, एवढेच उद्योग उरत. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या कलाशाळेंत व्यापारी कलेचा विभाग निघाला, आणि १९६१ सालीं त्याची वेगळी संस्था झाली. त्यानंतर पुण्यांतल्या वडिलांच्या तोंडची भाषा पालटली. जाहिरातींत पगार आहे, हें वाक्य ग्रेडच्या प्रमाणपत्रापेक्षां जास्त वजनदार ठरलें. शुद्ध कलेचे कांहीं अभिमानी यावर नाक मुरडीत. परंतु ज्यांच्या घरीं दर महिन्याचा हिशेब बसवावा लागतो, त्यांनीं मुलाला कलेकडे पाठविलें तें या विभागाच्या भरंवशावर, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

पुण्यानें स्वतःचें दार उघडलें तें उशिरा, आणि लोकांच्या प्रयत्नानें. भारतीय कला प्रसारिणी सभेचें अभिनव कला महाविद्यालय टिळक रस्त्याच्या परिसरांत उभें राहिलें, आणि पेठांतल्या मुलामुलींना सायकलीवरून कलाशाळेंत जातां येऊं लागलें. शिल्पकार डी. एस. खटावकर यांच्यासारखे शिक्षक तेथें लाभले. गणेशोत्सवांतले त्यांचे भव्य देखावे पाहण्यास लोटलेल्या गर्दीला कलाशाळेंत काय शिकवितात याचा निदान एक पुरावा दरवर्षीं मिळे. पुढें भारती विद्यापीठानेंहि कलेचें महाविद्यालय काढलें. सरकारी कला महाविद्यालयें मात्र मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) येथें निघालीं. विद्येचें माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्याच्या वांट्यास एकहि आलें नाहीं. मुलींच्या दृष्टीनें अभिनवचें महत्त्व विशेष. संध्याकाळीं घरीं परत येतां येतें, या एका सोयीनें जितक्या मुलींना कलेचें उच्च शिक्षण दिलें, तितकें कोणत्याहि व्याख्यानानें दिलें नसेल.

परीक्षा मात्र अखंड चालू राहिली. १९६५ सालीं राज्याचें कला संचालनालय स्थापन झालें आणि ग्रेडच्या परीक्षा त्याच्याकडे आल्या. भूमिति, अक्षरलेखन, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अशी विषयांची मांडणी स्थिर झाली. महाराष्ट्रांतलीं लाखों मुलें त्यांना बसूं लागलीं. पुढें इंटरमिजिएटच्या श्रेणीबद्दल दहावीच्या गुणांत भर घालण्याची सवलत मिळाली; अ श्रेणीस ७, ब श्रेणीस ५ व क श्रेणीस ३ गुण. या सवलतीचा हेतु चांगला होता. तिच्यामुळें चित्रकलेच्या तासाला शाळांनीं जागा दिली, पालकांनीं रंगपेट्या घेऊन दिल्या. पण तिनें परीक्षेचा अर्थहि बदलला. ग्रिफिथ्सच्या काळीं सेकंड ग्रेड हें पुढच्या दाराचें तिकीट होतें. आतां पुष्कळ घरांत तो शेवटचा थांबा झाला. सात गुण पदरांत पडले, कीं रंगपेटी माळ्यावर.

याहून मोठा फरक शाळेच्या रचनेनें केला. १९७० नंतरच्या दशकांत दहा अधिक दोन अशी शिक्षणाची बांधणी झाली. पूर्वीं मॅट्रिक किंवा एस. एस. सी. झालेला विद्यार्थी सरळ कलाशाळेच्या प्राथमिक वर्गांत बसत असे. पदविकेच्या जागीं विद्यापीठाची पदवी आली, आणि तिच्यासाठीं बारावी आवश्यक झाली. पदवीमुळें कलावंताला इतर पदवीधरांच्या पंक्तीस बसतां आलें, हा लाभ लहान नाहीं. परंतु नववीच्या सुमारास इंटरमिजिएट दिलेल्या मुलाला बारावी संपेपर्यंत तीन वर्षें मध्यें पडलीं. हींच वर्षें अशीं कीं ज्यांत हात लवचीक असतो, डोळा नवें टिपतो आणि आवड पक्की होते किंवा विझते. फाळके त्या वयांत कलाशाळेंत बसले होते. म्हात्रे विसाव्या वर्षीं पुतळा उभा करूं शकले, याचें कारण त्या आधींच्या वर्षांत त्यांचे हात मातींत होते. आजच्या विद्यार्थ्याचे तेच दिवस विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या शिकवण्यांत जातात, आणि चित्रें वहीच्या समासांत परत येतात.

ही पडीक जमीन कसण्याची सोय कागदावर नाहीं असें नाहीं. अकरावी-बारावीच्या विषयांत राज्य मंडळानें रेखांकन, चित्ररचना, कलेचा इतिहास व रसग्रहण यांसारखे विषय ठेवले. ते शिकविण्यास शिक्षक हवेत, प्रकाश येणारी खोली हवी आणि मुख्य म्हणजे ते निवडणारीं मुलें हवींत. हे विषय घेणाऱ्या मुलाकडे, टक्के कमी पडले असतील, अशा नजरेनें पाहणारा समाज असेल, तर विषयसूची काय करील? दहावीनंतरचा एक वर्षाचा मूलभूत अभ्यासक्रम हा दुसरा मार्ग. ज्या घरांना धीर होता त्यांनीं तो धरला, आणि त्या मुलांचे हात थांबले नाहींत.

बारावीनंतरच्या कला-पदवीसाठीं राज्यानें सामायिक प्रवेश परीक्षा सुरू केली, तेव्हां तींत सामान्य ज्ञानाच्या जोडीला हातकामाचे तीन पेपर ठेवण्यांत आले. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र. मधल्या काळांत २०२३ सालीं मुंबईची कलाशाळा स्वतःच अभिमत विद्यापीठ झाली. पुण्यांत या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारे खासगी वर्ग निघाले. अठरा वर्षांचीं मुलेंमुली तेथें पुन्हां घडा, पेटी आणि पडद्याच्या चुण्या काढावयास बसतात, नववींत जेथें सोडलें होतें तेथून. शिकविणारा पहिले कांहीं आठवडे हात मोकळा करण्यांत घालवितो. मग एखाद्या दिवशीं तो वस्तु बाजूला सारतो आणि स्मरणचित्राला विषय देतो. मंडईंतली सकाळ.